आईची आंघोळ आईलाच करू द्या : वाचकांचे प्रश्न

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आंघोळ, कपडे, संडास, रात्रीचं उठणं याबद्दल काय अडचणी आहेत ते कळवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आणि मेसेज मिळून इतके आलेत की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं उत्तर येऊन जाईल असे पाच घेतलेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मराठीत व्यवसायोपचार म्हणतात पण व्यवसाय म्हणजे इथे नोकरीधंदा नाही, माणसाची रोजची कामं, ती त्याची त्याला करता यावीत हे आम्ही बघतो. आपल्याकडे याचं पहिलं शिक्षण मुंबईत केईएम हॉस्पिटलला १९५० साली कमला निंबकरांनी सुरू केलं, इतकी वर्षं झाली तरी लोकांना फिजिओथेरपी माहितीय आणि हे माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण घरात कुणी पडलं की पहिला उपयोग याचाच होतो.

प्रश्न : आई ७८ वर्षांची, साताऱ्याजवळच्या गावात एकटी राहते, मी ठाण्याला असते. गेल्या महिन्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली, मुक्या मारावर निभावलं. भाऊ म्हणतो बाई ठेवू, ती आंघोळ घालेल. आई म्हणते मरेन पण परक्या बाईसमोर आंघोळ करणार नाही. दोघांच्या मधे मी अडकलेय.

ताई, आईचं म्हणणं हट्ट म्हणून सोडून देऊ नका. ६०-७० वर्षं जी बाई दार लावून आंघोळ करत आलीय तिला एका पडण्यामुळे ते सोडायला सांगणं ही लहान गोष्ट नाहीये, आणि त्यात तिचं नुकसानही आहे, कारण जे काम माणूस हाताने करायचं थांबतो ते पुढे खरंच जमेनासं होतं. भावाची काळजीही खरी आहे. पण बाई ठेवायची की नाही हा दुसरा प्रश्न झाला, पहिला प्रश्न आंघोळीत नक्की कुठे अडतं हा आहे.

आंघोळ हे एक काम नाहीच. उंबरा ओलांडायचा, बादली भरायची, गरम पाणी विसणायचं, खाली बसायचं, वाकून पाय घासायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, उठायचं, अंग पुसायचं, ओल्या फरशीवर उभं राहून कपडे घालायचे, एवढं सगळं त्यात येतं. यातल्या बहुतेक गोष्टी तुमच्या आईला आजही येतात, एखाद-दोन ठिकाणीच तोल जातो. पुढच्या वेळी गावी गेलात की तिला साडीवरच, कोरड्या मोरीत, आंघोळीचं नाटक करून दाखव म्हणावं आणि तुम्ही नुसतं बघा, मधे बोलू नका. ती उठताना कशाला धरते ते बघा. माझ्या सासूबाई नळाला धरून उठायच्या, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, एक दिवस नळच हातात आला तेव्हा कळलं. अजून एक करा, भिंत बघा. रोज जिथे हात टेकतो तिथे रंगावर तेलकट काळपट डाग पडलेला असतो, बहुतेक वेळा दाराच्या बाजूला एक आणि बसायच्या जागेच्या वर एक. दांडा कुठे बसवायचा हे तो डाग सांगतो, मला घरी बोलावतात तेव्हा मी आधी तेच शोधते.

दांडा म्हणजे टॉवेल टांगायचा रॉड नव्हे, त्याच्यावर माणसाचं वजन गेलं की तो भिंतीतून सुटतो. व्हॅक्यूमने टाइलला चिकटणारी हँडलं येतात तीही नकोत, ती कधी सुटतील सांगता येत नाही. स्टीलचा, मुठीत नीट मावेल असा साधारण सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड इंच सुटा, अँकर फास्टनर (भिंतीत भोक पाडून आत घट्ट बसवायचा बोल्ट) ठोकून पक्का केलेला हवा. उभं राहून धरायचा असेल तर जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, पण आई उभी करून तिच्या हाताला कुठे बरं वाटतं ते बघूनच खूण करा, पुस्तकातलं माप सगळ्यांना बसत नाही. गावाकडची भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असेल तर फास्टनर धरत नाही, मग आरपार बोल्ट घेऊन पलीकडून लोखंडी पट्टी लावावी लागते, हे गवंड्याला आधी सांगा नाहीतर तो दोन स्क्रू मारून मोकळा होईल. बसवून झालं की घरातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाने त्याला लटकून बघायचं, आईने नंतर.

पाटावर बसणं आता बंद. गुडघ्याइतक्या उंचीचं, पायांना रबरी बुडं असलेलं आंघोळीचं स्टूल सर्जिकलच्या दुकानात मिळतं. नेहमीची प्लॅस्टिकची खुर्ची मोरीत नको, तिचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकायला नको, आणि ती तिथेच मगाने भरायची, भरलेली बादली उचलायची नाही. पाणी विसणताना आधी गार मग गरम, कधीच उलटं नाही, आणि कोपर बुडवून बघायचं, कारण म्हातारपणी तळहाताची कातडी राठ होते आणि शुगर असेल तर पायाला चटका बसलेला कळतसुद्धा नाही. हात लांबवून पाय घासता येत नसतील तर लांब दांड्याचा ब्रश, पाठीला पंचा पिळून दोन टोकं धरून घासायची, साबण सारखा सटकत असेल तर एका जुन्या मोज्यात घालून गाठ मारायची, तोच हाताला अडकवला की खाली वाकून शोधायला नको. केस धुताना डोळे मिटले की तोल जातो (डोळे बंद करून एका जागी उभं राहून बघा तुम्हालाही कळेल), म्हणून डोक्यावरून पाणी फक्त बसूनच. तेल लावायचं तर आंघोळीनंतर, खोलीत बसून लावा, आधी लावलेलं तेल साबणाच्या पाण्याबरोबर फरशीवर उतरतं आणि त्यावरून पाय जातो. अंग पुसणं, परकर-गाऊन चढवणं हेही स्टुलावर बसूनच, मग धरून उठायचं.

आता दार. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं, बाहेरचे ढकलत राहतात आणि आतल्याला अजून लागतं. दार बाहेर उघडणारं करून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आतली कडी काढून टाका असं मी म्हणत नाही, बाहेरून नाणं घालून फिरवता येईल असं लॅच मिळतं ते लावा म्हणजे आईचं दार लागलेलं राहील आणि वेळ आली तर उघडताही येईल.

आणि गॅस गीझर मोरीच्या आत असेल तर या सगळ्याच्या आधी तो बाहेर काढा. बंद मोरीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, चक्कर आल्यासारखं वाटतं आणि माणूस तिथेच कोसळतो, धडधाकट तरुण मुलं गेलीत यात. हे मी दरवर्षी थंडीत लिहिते आणि लिहीत राहणार.

एवढं करून बाई ठेवायची असेल तर ती मोरीच्या बाहेर बसू दे. बादली भरून देईल, हाक मारली की 'ओ' देईल. आईला हे पटेल असं मला वाटतं, तिला तसं विचारून बघा.

प्रश्न : आमचे हे ८१ वर्षांचे आहेत. रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात, दोनदा पलंगाजवळच धडपडले. त्यांनी आता दुपारी चारनंतर पाणीच बंद केलंय. तोंड कोरडं पडतं तरी ऐकत नाहीत. मी काय करावं? (अमरावती)

काकू, पाणी तोडून लघवी थांबत नाही, ती घट्ट होते, जळजळते आणि इन्फेक्शनला वाट मिळते, शिवाय पाणी कमी झालं की बीपी उतरतं आणि उठल्याबरोबर चक्कर येते म्हणजे ज्या भीतीने पाणी सोडलं तेच पडणं वाढतं. पाणी तेवढंच प्यायचं फक्त सरकवायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बरंचसं होऊन जाऊ दे, झोपायच्या आधी दोन तास घोट घोट. संध्याकाळचा चहा लवकर उरका. दिवसभर पाय खाली सोडून बसल्यावर संध्याकाळी पावलं सुजतात का बघा, सुजत असतील तर ते पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं, अशा वेळी दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडलं की रात्रीचं एखादं उठणं कमी होतं. लघवीची गोळी चालू असेल तर ती कुठल्या वेळी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका. प्रोस्टेट आणि शुगर दोन्ही तपासून घ्या, पोट साफ होतंय ना तेही बघा कारण बद्धकोष्ठाने लघवीचं दुखणं वाढतं, आपल्या लक्षात येत नाही.

बीपी एकदा झोपलेलं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत परत बघायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला तर पडण्याचं कारण तिथे आहे, बीपीच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळेही असं होतं, डॉक्टरांपुढे सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, नुसती नावं सांगून उपयोग नाही.

तोवर रात्रीसाठी एवढं पाळा. जाग आली की लगेच उठायचं नाही, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, पलंगाच्या काठावर बसून पावलं वरखाली करत एक-दोन मिनिटं थांबायचं आणि मगच उभं राहायचं. लुंगी किंवा पायजमा घोट्याच्या वर. पलंगापासून संडासापर्यंत दिवा, आजकाल पाऊल पडलं की आपोआप लागणारे छोटे दिवे मिळतात ते तीन-चार ठिकाणी लावा, आणि वाटेतलं पायपुसणं, टीव्हीची वायर, दुमडलेली सतरंजी सगळं आजच्या आज उचला. पुरुषांनीही रात्री लघवीला बसूनच जावं, झोपेत उभं राहून तोल जातो. खरं तर सगळ्यात सोपं म्हणजे पलंगाशेजारी झाकणाचं युरिन पॉट, पण बऱ्याच पुरुषांना ते आजारी माणसाचं वाटतं. त्यांना म्हणावं हे फक्त रात्री दहा ते सकाळी सहा, दिवसा तुम्ही चालतच जायचं. असं वेळेत बांधून सांगितलं की बरेच जण ऐकतात असा माझा अनुभव आहे.

एकाएकी असंबद्ध बोलायला लागले, ओळखेनासे झाले किंवा ताप आला तर वाट न बघता दाखवा, म्हाताऱ्या माणसात लघवीचं इन्फेक्शन कधी कधी असंच दिसतं.

प्रश्न : वडिलांना २० वर्षं शुगर आहे. पायाची नखं स्वतः कापतात, दिसत नाही नीट, मागे बोट कापलं. कमोड चेअर आणि वॉकर घ्यायचाय, काही सरकारी मदत मिळते का? (परभणी)

नखं त्यांनी कापू नयेत, तुम्ही कापा, आंघोळीनंतर मऊ असताना, सरळ रेषेत, कोपऱ्यात खोल शिरायचं नाही, उरलेलं घासणीने. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. पण पाय रोज बघायचं काम मात्र त्यांचंच राहू द्या, जमिनीवर आरसा ठेवला की तळवा दिसतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तिथे तेल नको, भेग, फोड, लाली काही दिसलं की त्याच दिवशी सांगायचं. घरातही अनवाणी चालायचं नाही.

मदतीचं म्हणाल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे २०२४ पासूनची, ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये बँक खात्यात येतात, आधार जोडलेलं हवं. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची हे त्यात बसतं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासूनची वेगळी आहे, तिच्यात शिबिर भरवून वस्तूच देतात. सध्या अर्ज घेतायत का हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. वॉकर घेताना एक बघा, उभं राहून हात सैल सोडले की वॉकरच्या मुठी मनगटाच्या रेषेत आल्या पाहिजेत, माप न बघता घेतला तर माणूस त्याच्यावर ओणवा होऊन चालतो.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा, पुण्यात एकटा राहतो, स्वयंपाकासह सगळं करतो. मुलगा अमेरिकेत. त्याला घरभर कॅमेरे लावायचेत, बाथरूममधेसुद्धा, नाहीतर वृद्धाश्रम म्हणतो. मला दोन्ही नको. मी चुकतोय का?

नाही काका, तुम्ही चुकत नाही. बाथरूममधे कॅमेरा नको म्हणजे नको, आणि तुम्ही पडलात तर सात समुद्रापलीकडे झोपलेल्या मुलाला तो दिसून तरी काय होणार. पण त्याची भीती कशाची आहे ते समजून घ्या, तुम्ही पडाल याची नाही, पडून कुणाला न कळता तसेच राहाल याची आहे. तिचं उत्तर तुम्ही त्याला दिलंत तर तो शांत होईल.

एक किल्ली समोरच्या शेजाऱ्यांकडे द्या, आणि आतून वरची कडी लावू नका नाहीतर किल्लीचा उपयोग शून्य. सकाळी ठरलेल्या वेळी मुलाला नुसता एक मेसेज, आठ वाजेपर्यंत आला नाही तर तो शेजाऱ्यांना फोन करेल असं तिघांनी मिळून ठरवा. मोबाइल गळ्यात दोरीने, बाथरूममधे जातानाही. तिथे बिनतारी बेलचं बटण जमिनीपासून हातभर उंचीवर चिकटवा, बहुतेक जण ते उभ्या माणसाच्या उंचीवर लावतात आणि पडलेल्या माणसाचा हातच पोचत नाही, आणि बेल शेजाऱ्यांकडे वाजू द्या. फ्रिजवर मोठ्या अक्षरात तुमच्या गोळ्या, डॉक्टरांचा नंबर, रक्तगट. अॅम्ब्युलन्ससाठी १०८, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, सल्ला किंवा मदत काही हवं असेल तर फोन करा.

आणि पडल्यावर उठायचं कसं हे शिकून ठेवा, हे कुणी शिकवतच नाही. आधी तसंच पडून राहायचं, दोन-चार श्वास, हातपाय हलवून बघायचे. जांघेत किंवा कमरेत जबर दुखत असेल, एक पाय आखूड झाल्यासारखा किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही, पांघरूण मिळालं तर ओढून घ्यायचं आणि मदत बोलवायची. तसं काही नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग चार पायांवर, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात खुर्चीवर ठेवून बळकट पायाचं पाऊल पुढे रोवा, जोर देऊन वर या आणि वळून बसा. लगेच चालायला लागू नका. फिजिओ किंवा व्यवसायोपचारक समोर असताना गादीवर दोन-तीनदा करून बघा, जमलं की त्याचा व्हिडिओ काढून मुलाला पाठवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ७१, नाशिक. आठ महिन्यांपूर्वी उजव्या बाजूचा लकवा झाला. आता काठीने चालते, उजवा हात फार चालत नाही. ब्लाउज, साडी सगळं यजमान घालून देतात, प्रेमाने करतात, पण मला रोज रडू येतं. मला माझे कपडे माझे मला घालायचेत.

बाई, तुमचं पत्र डाव्या हाताने लिहिलेलं होतं हे अक्षरावरून कळलं आणि तीन पानं होती. ज्या हाताने तीन पानं लिहिली तो हात ब्लाउज घालू शकतो.

सुरुवात सकाळी करू नका, रात्री करा, कारण कपडे काढणं घालण्यापेक्षा सोपं असतं आणि रात्री घाई नसते. काढताना चांगला हात आधी बाहेर, लुळा हात शेवटी. घालताना बरोबर उलटं, लुळा हात आधी. हे एवढं पाठ करा. पलंगावर बसू नका, गादी दबते आणि तोल जातो, हाताची खुर्ची घ्या, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली. पुढून उघडणारं ब्लाउज मांडीवर पसरा, आतली बाजू वर, गळा पोटाकडे, उजवी बाही दोन्ही गुडघ्यांच्या मधे खाली लोंबती सोडा. आता जरा पुढे वाका आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्या बाहीत सोडा, तो आपल्याच वजनाने खाली सरकतो. बाही कोपराच्या वर खेचा आणि मग खांद्यापर्यंत पूर्ण चढवा, इथे अर्धवट ठेवलं की पुढचं सगळं अडतं, बहुतेक जण इथेच हरतात. मग मानेमागून कापड डावीकडे आणा, डावा हात घाला, झालं.

हुक एका हाताने लागत नाहीत, त्यात स्वतःला छळू नका. शिंप्याला सांगून आतून वेल्क्रो लावा, वरून हुक नुसते दिसायला राहू देत, किंवा मोठी टिचबटणं. बाही एक इंच सैल. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक, बसून पायात घालायचा, इथेही उजवा पाय आधी, आणि शेवटी एकदाच उभं राहून वर ओढायचा. साडी शिवून घ्या, निऱ्या आणि पदर तयार असलेली, सणाच्या साड्याही शिवता येतात, लेकी-सुना हौसेने नेसतात तशीच.

हाताच्या बाकी कामांसाठी एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी आणा, तिचे तुकडे कापून ब्रश, कंगवा, चमच्याच्या दांड्यांवर घाला, जाड मूठ उजव्या हातालाही थोडी थोडी धरता येते आणि धरल्यानेच तो हात परत कामाला लागतो. ताटाखाली ओलं फडकं घातलं की ताट सरकत नाही.

यजमानांना माझा निरोप द्या, भाऊ, तुम्ही खोलीतच बसा, पण पेपर घेऊन. तिने हाक मारल्याशिवाय उठू नका, अडलेली बघून हात पुढे जाईल तो मागे घ्या, ते तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त जड जाणार आहे हे मला माहितीय. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास लागेल, ब्लाउज वाकडं बसेल, बसू दे. दोन आठवड्यांनी किती मिनिटं लागतात ते मला लिहून पाठवा बाई, डाव्या हातानेच.